तू फ्रेममध्ये शिरलीस तेव्हा

नलू,

मंडळाच्या लोकांनी अंकात छापायला तुझी माहिती मागितली. जन्म कुठला, शिक्षण काय, व्हिडिओ किती केले, बक्षिसं कुठली मिळाली. मी म्हटलं, ते सगळं मंदारला विचारा, आमचा मुलगा कॉम्प्युटरवर बघून सांगेल. मला तिच्याशीच बोलायचंय. ते म्हणाले, काका, मग तसंच लिहा. म्हणून लिहितोय. सातवीत शाळा सोडून वेल्डिंगच्या दुकानात शिरलेला माणूस मी, मागंपुढं झालं तर चालवून घे.

आधी कामाचं सांगतो. ब्रीचा फोन आला होता. तू तिला कॅमेरा धरायला शिकवलंस, आता तीच तुझं सगळं जोडते, कापते. शॅरनच्या गाण्याचा व्हिडिओ, तुझा शेवटचा, होत आलाय. एका शॉटवर अडलाय. ज्यात तू आहेस, त्या शॉटवर.

"साउंडी," ती मला म्हणाली, "बॉसचा नियम मला पाठ आहे. आपल्यातलं कुणी दिसलं की शॉट बाद. पण शॅरन म्हणते ठेव. गाण्याच्या कंपनीवाले म्हणतात ठेव. मी त्यांचं ऐकणार नाही. तू सांगशील ते करेन."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. तुझ्या सेटवर इतकी वर्षं मी एक बटण दाबलं, दुसरं काही केलं नाही. मला कधी कुणी विचारलं नव्हतं काय ठेवायचं नि काय कापायचं. पहिल्यांदा विचारलं ते हे.

लोक विचारतात, मिरजेची बाई गोऱ्यांच्या कंट्री गाण्यांत कशी शिरली? मी सांगतो, ट्रेव्हमुळं. माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा नि उरलेल्या वेळात गाणी म्हणायचा. आपल्याकडं जेवायला आला होता आणि तू टीव्हीवर कुठल्याशा लग्नाची कॅसेट तपासत बसली होतीस. तेव्हा तू सिडनीतल्या आपल्या लोकांच्या लग्नांच्या कॅसेटी काढायचीस नि मी मागं लाईट घेऊन उभा. पाठवणी चालली होती. त्या पोरीचा बाप मांडवाच्या खांबाला उगाचच दोरी आवळत बसला होता, आणि तू कॅमेरा पोरीवर न ठेवता त्या दोरीवर ठेवला होतास. ट्रेव्हला एक अक्षर कळत नव्हतं. तरी हातातली पोळी तशीच धरून तो डोळे पुसायला लागला.

"नेल, माझ्या गाण्याचं असं काढून दे," तो म्हणाला. नलू म्हणणं त्याला जमायचं नाही.

"गाणं कशावर आहे?"

त्यानं सांगितलं. तू माझ्याकडं बघितलंस. "काय म्हणतोय हा?"

"बापानं गुरं विकली म्हणतोय."

"मग यात न कळण्यासारखं काय आहे?" तू म्हणालीस आणि त्याला आणखी एक पोळी वाढलीस.

ट्रेव्ह शूटिंगला नवी टोपी घालून, गिटार छातीशी धरून उभा राहिला, पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखा. तू गिटार काढून घेतलीस. त्याच्या हातात पक्कड दिलीस नि म्हणालीस, ते कुंपण तुटलंय ते बांध, बांधता बांधता गा. तो चिडला. गिटारवाला माणूस गिटारीशिवाय कसा दिसणार म्हणाला. तू मला मराठीत म्हणालीस, "हाताला काम दिलं की तोंड खोटं बोलत नाही. सांगा त्याला." मी काय सांगणार? मी म्हटलं, मेट, बांध. बायको ऐकत नाही, मी बघितलंय करून. पुढं टॅमवर्थकडच्या, म्हणजे इथल्या कंट्री गाण्यांच्या गावाकडच्या, गायकांत तेच तुझं नाव झालं. नेलकडं गेलात तर ती कामाला लावते. कुणी पीठ मळलं, कुणी मेंढी कातरली, एकानं तर आख्खं गाणं ट्रॅक्टरखाली पडून म्हटलं. त्यांचं कंट्री म्हणजे शेत, गुरं, दुष्काळ, दारू आणि सोडून गेलेली बायको. तू म्हणायचीस, यातल्या दारूचं मला कळत नाही, बाकी सगळं आपलंच आहे.

आणि ती तुझी दुप्पट वेगाची युक्ती. इथं वाचणाऱ्यांना सांगतो. गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं. गाणाऱ्यानं तेवढ्याच घाईनं ओठ हलवायचे. कॅमेराही तेवढ्याच घाईनं चित्र घेणार. नंतर सगळं निम्म्या वेगावर आणलं की ओठ गाण्याला बरोबर बसतात, पण वारा, धूळ, केस, कपडे सगळं संथ. माणूस पाण्याखाली गातोय असं वाटतं. गाणं वाजवायचं काम माझं. यूटच्या, म्हणजे आपल्या मागं उघड्या गाडीच्या, फळीवर मोठा स्पीकर नि त्याच्याशेजारी मी. घरात मला 'अहो' म्हणायचीस, सेटवर मात्र खणखणीत "साऊंड!" मग सगळे मला साउंडी म्हणायला लागले. दुप्पट वेगात गाणाऱ्याचा आवाज उंदरासारखा चिरका यायचा. गाणारा हसायचा, ब्री हसायची, तू खोटं खोटं रागवायचीस. पोटभर हसत केलेलं ते सगळं पडद्यावर हळू झालं की बघणारे रडायचे. मला तेव्हाही त्याची जरा भीती वाटायची. तुला म्हणालोही होतो, हे चांगलं नाही, हसणं हळू केलं की त्याचं रडणं होतं. तू म्हणालीस, "मी काही घालत नाही त्यात. आत असतं तेच दिसतं."

आता मी मंदारकडं आहे, गुंगालिनला. सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं असतं, मंदार नि सूनबाई ट्राम धरून ऑफिसला जातात, नात इरा शाळेत जाते आणि मी एकटा. मग तू येतेस. येतेस म्हणजे काय, नुसती हाक येते. "साऊंड!" कधी स्वैपाकघरातनं, कधी मागच्या अंगणातनं. माझा अंगठा हलतो, नलू. आधी अंगठा हलतो, मग आठवतं. मी हाकेच्या दिशेनं बघतो. तू असतेस, पण पाठमोरी. टोपी, खाली वेणीचं टोक, कॅमेऱ्यावर झुकलेले खांदे. तोंड काही दिसत नाही.

कारण मी कायम तुझ्या मागंच उभा होतो. स्पीकर मागं, तू पुढं. तुझी पाठ मला डोळे मिटून काढता येईल. चेहरा काढायला गेलो की लायसनवरचा फोटो डोळ्यांसमोर येतो.

तो फोटो! तेराव्याला हार घालायला घरात तुझा एक धड फोटो सापडला नाही. एवढ्या लोकांना तू पडद्यावर आणलंस आणि तुझा फोटो नाही. लग्नातल्या फोटोत मान खाली आणि मुंडावळ्या. इराच्या वाढदिवसांचे सगळे फोटो तूच काढलेले. शेवटी मंदारनं ड्रायव्हिंग लायसनचा मोठा करून आणला. चोरी करताना धरल्यासारखी दिसत होतीस. ब्री आणि शॅरन लांबनं गाडी चालवत आल्या होत्या, टोप्या हातात धरून फोटोसमोर उभ्या राहिल्या. ब्री बराच वेळ बघत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जीझ, साउंडी, हा लाईट ज्यानं मारला त्याला बॉसनं त्याच दिवशी घरी पाठवला असता."

तू गेल्यावर पहिल्यांदा मी तेव्हा हसलो. भटजी माझ्याकडं बघायला लागले.

आपला तो वाद तिथंच राहिला बघ. मी म्हणायचो, तू कुठंतरी दिसायला पाहिजेस. एका कोपऱ्यात, आरशात, कशातही. तू म्हणायचीस, फोटो काढणारा फोटोत नसतो. तुझ्या वडलांचं सांगायचीस. त्यांचा स्टुडिओ, आख्ख्या मिरजेचे फोटो त्यांनी काढले, आणि ते गेले तेव्हा त्यांचाच फोटो नव्हता. तुम्ही कॅमेऱ्याला हार घातलात. "कुणाचं काय अडलं?" तू म्हणायचीस.

एकदा मी म्हटलं, "तुझं अडलं नसेल. तुझ्या आईला विचार."

कारण तुझी आई शेवटी शेवटी मला म्हणाली होती, जावईबापू, ह्यांचा चेहरा आठवंना झालाय मला, स्टुडिओतला त्यांचा काळा कोट तेवढा आठवतो. मी ते तुला सांगितलं. गाडीत होतो आपण. तू खिडकीची काच खाली केलीस. मग रस्त्याकडंच्या धान्याच्या कोठीकडं बोट करून म्हणालीस, अहो, इथं थांबा, ऊन काय पडलंय बघा. वाद संपला असं तुला वाटलं असेल. मला वाटलं नाही.

दुखणं आलं तेव्हा वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. माणसं तिथं गाडी लावून रडतात. तू गाडीतनं उतरून बोटांची चौकट करून बघायचीस. रात्रपाळी संपलेली एक नर्स आपल्या गाडीत बसून डब्यातलं काहीतरी खात होती, एकटीच, खाता खाता पेंगत होती. "हिला गाणं द्यायला पाहिजे," तू म्हणालीस. मी ओरडलो, "आधी आत चल!" तू म्हणालीस, "चलते हो. डॉक्टर पळून चाललाय का?"

डॉक्टर नाही पळून गेला.

शॅरनचं गाणं तू घ्यायला नको होतंस. मी तेव्हा बोललो, आताही बोलतो. अंगात काही उरलं नव्हतं, हातावर सुईचे काळेनिळे डाग. मंदार फोनवर म्हणाला, "आई, प्लीज, रेस्ट घे." तू त्याला म्हणालीस, "पडून काय करू? छताला फ्रेम लावू?" आणि निघालीस. शॅरनचं शेत विकलं गेलं होतं, गाणं त्याच्यावरच. तू तिला वाळत घालायला चादरी दिल्यास. विकलेल्या घराच्या मागं, दोन खांबांना बांधलेल्या दोरीवर ती ओल्या चादरी टाकत गाणार. दुप्पट वेगात. तिचा आवाज चिरकला, ती हसली, तू खुर्चीत बसून हसलीस. शेवटी शेवटी तू खुर्चीत बसायचीस.

मग ते वारं आलं. चादर फडफडून शॅरनच्या तोंडाभोवती गुंडाळली गेली. बाई आत घाबरली, हात मारायला लागली. ब्री कॅमेरा सोडू शकत नव्हती. मी फळीवरनं उतरेपर्यंत तू उठून तिथं पोचलीसही. कशी पोचलीस देव जाणे, सकाळी तुला धरून गाडीत बसवलं होतं मी. चादरीचं टोक धरून तू ती सोडवलीस, शॅरनचे केस मागं सारलेस, आणि मग वळलीस. आमच्याकडं. ब्रीकडं नाही, माझ्याकडं. आणि काहीतरी बोललीस.

गाणं चालूच होतं. तुझाच हुकूम, मी कट म्हणेपर्यंत साऊंड बंद करायचा नाही. तेव्हा मला ऐकू आलं नाही.

परतताना मी विचारलं, "मघाशी काय म्हणालीस?"

"कधी?"

"चादर सोडवल्यावर."

"चादर धरा म्हणाले असेन. काय म्हणणार दुसरं?" आणि डोळे मिटून घेतलेस.

चादर तर तुझ्या हातात होती, नलू.

ब्रीनं तो शॉट पाठवला. मंदारनं मोठ्या टीव्हीवर लावून दिला. त्याला आवाज नाही. त्या घाईच्या चित्रात आवाज धरतच नाहीत, हे मला माहीत होतं, तरी मी मंदारला म्हटलं, वाढव जरा. तो बिचारा रिमोट घेऊन नुसता उभा राहिला.

तू डावीकडनं येतेस. पांढरी चादर पोट फुगवून वर येते, तुझी टोपी मागं सरकते, तुझा हात वर जातो, त्याला जितका वेळ लागतो तितक्यात चहा पिऊन होईल. इरा माझ्या शेजारी बसली होती. तिला मराठी कळतं, बोलते इंग्रजीत, तुला माहीतच आहे. ती म्हणाली, "आजोबा, व्हाय इज आजी सो स्लो? शी वॉज नेव्हर स्लो."

मंदार उठून बाहेर गेला.

मग तू वळतेस. तोंड पूर्ण दिसतं, नलू. ऊन बाजूनं, तुला आवडतं तसं. गाल बसलेले आहेत, पण डोळे तुझे आहेत, लायसनवाले नाहीत. ओठ मिटतात, उघडतात. आख्खं आयुष्य मी ओठ नि आवाज जुळवण्यात घालवलं, पण इथं जुळवायला आवाजच नाही. ब्री म्हणाली, नेहमीच्या वेगात लावून देऊ का, बहुतेक कळेल. मी नको म्हटलं. मागाहूनही नको म्हणूनच सांगितलं. तुला सांगायचं असतं तर तू गाडीतच सांगितलं असतंस.

मंदार म्हणाला, "बाबा, ठेवा ना. लोकांना दिसू दे आई."

मी म्हटलं, "तिचा नियम आहे."

"बाबा, नियम तिनं केला, ती आता..."

"ती आता काय?" मी ओरडलोच त्याच्यावर. "ती नाही म्हणून नियम नाही का?"

ब्रीला फोन करून सांगितलं, काप. बॉसचं ऐक. ती म्हणाली, नो वरीज, साउंडी. तुझा तो तुकडा वेगळा काढून माझ्या फोनवर पाठवते म्हणाली. मला वाटलं झालं. तुझं मन राखलं, आणि तुझं तोंड माझ्या खिशात आलं.

मग तिनं कापलेला व्हिडिओ पाठवला.

छान झालाय. तुझं काम आहे, वाईट कसं होईल? शॅरन चादरी टाकते, वारं येतं, चादर तिच्या तोंडाभोवती गुंडाळते. पुढच्या शॉटला चादर सुटलेली आहे. केस मागं गेलेले आहेत. वाऱ्यानंच गुंडाळली नि वाऱ्यानंच सोडवली. तिथं कुणी आलंच नव्हतं.

मी तो परत लावला. परत तेच. चादर आपोआप सुटते.

काय सांगू तुला, माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं माझ्या घरात असंच चाललं होतं. डबा भरलेला असायचा, मंदारची फी भरलेली असायची, माझ्या आईला मनीऑर्डर गेलेली असायची, भांडण झालेल्या शेजाऱ्याशी दुसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालेलं असायचं. कोण करतं, दिसायचं नाही. मला वाटायचं वाऱ्यानं होतं. आणि आता मीच ब्रीला सांगून तुला पुसून टाकलं. इतकं साफ की शिवण दिसत नाही.

तुला आणखी एक सांगतो. तू गेल्यापासनं मी घरात मुद्दाम वाकडं वागतोय. ओला टॉवेल गादीवर टाकतो. चहात दोन चमचे साखर घालतो. बूट घालून सूनबाईच्या गालिच्यावर चालतो, ती काही बोलत नाही, हळूच पुसून घेते. मला तिनं बोलायला नकोय. मी थांबतो. वाटतं, आता मागनं आवाज येईल, "अहो, अक्कल आहे का?" टॉवेल वाळून जातो. आवाज येत नाही. नुसती ती "साऊंड"ची हाक येते, ती जुनी आहे, ती काही नवीन बोलत नाही. मला तुझं नवीन काहीतरी ऐकायचंय. शिवी चालेल.

म्हणून काल ब्रीला परत फोन केला. म्हटलं, तो शॉट परत घाल. पूर्ण. ती आत येते तिथनं, वळते, बोलते, बाहेर जाते तिथपर्यंत. एक क्षण कापायचा नाही.

ती म्हणाली, "साउंडी, नक्की? बॉस मला मारून टाकेल."

मी म्हटलं, "तुला नाही. मला."

शुक्रवारी व्हिडिओ बाहेर येतोय. टॅमवर्थपासून मिरजेपर्यंत ज्याच्याकडं फोन आहे तो तुझं तोंड बघेल. तुला हे अजिबात आवडणार नाही, मला ठाऊक आहे. माफी मागत नाही. मी जिंकलो असंही म्हणत नाही, समोरचा माणूस बोलतच नसेल तर जिंकायचं काय त्यात. शॅरनचं काही चुकलं नाही. मंदारनं फक्त टीव्ही लावून दिला. ब्रीला तर एक शब्द बोलू नकोस, ती रडत रडत जोडत होती. नियम मी मोडलाय, जाणूनबुजून, शुद्धीवर असताना.

जे बोलायचंय ते मला येऊन बोल.